दोन मुठींवरचा तारा

मुलांनो, मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. मराठी ही माझ्याही घरची भाषा नव्हे. मी ती तुमच्यासारखीच शाळेत शिकले, पुढे तोच विषय घेऊन बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि आता मुलींना शिकवते. त्यामुळे एखादा शब्द अडला की मुलींची काय अवस्था होते, ते मला चांगले ठाऊक आहे. पण आज मी तुम्हांला सांगणार आहे ती गोष्ट एका मुलीच्या चुकीपासून सुरू होत नाही; ती माझ्या चुकीपासून सुरू होते.

२०२२ सालचा फेब्रुवारी महिना नुकताच लागला होता. करोनामुळे बंद असलेल्या शाळा पुन्हा भरू लागल्या होत्या. नववीच्या वर्गात शिकवताना ‘ध्रुव’ हा शब्द आला. मी तो फळ्यावर लिहिला आणि अर्थ सांगितला, “ध्रुव म्हणजे कुतुब तारा. तो उत्तर दिशेला असतो. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा.”

मागच्या बाकावरून एक हात वर झाला. मला नवल वाटले. ही मुलगी माझ्या तासाला सहसा तोंड उघडत नसे. मराठीत ती कशीबशी काठावर पास होई. (तिचे नाव मी सांगणार नाही. “आपा, लिहा, पण नाव नको,” अशी तिची अट आहे.)

“आपा, तो सर्वांत चमकदार नाही,” ती अडखळत म्हणाली. “तो कमी चमकतो. मी रोज पाहते.”

वर्ग हसला. आणि मला राग आला. शिक्षकाला वर्गात कोणी ‘हे चूक आहे’ म्हटले की बरे वाटत नाही, हे तुम्हांला सांगायला हरकत नाही. “पुस्तकात आहे ते लक्षात ठेव. खाली बस,” मी म्हणाले. खरे तर पुस्तकात तसे कोठेच लिहिलेले नव्हते. मी लहानपणी ते कोणाकडून तरी ऐकले होते आणि इतकी वर्षे जपून ठेवले होते.

ती खाली बसली. पण तिचे ‘मी रोज पाहते’ हे शब्द काही माझ्या डोक्यातून जाईनात. मी स्वतः ध्रुव कधी पाहिला होता? एकदाही नाही.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी गच्चीवर गेले. आता उत्तर दिशा कोणती? किब्ला ठाऊक होता. नमाजाला आपण पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतो, तेव्हा उजवा हात उत्तरेला. तशी उभी राहिले आणि उजवीकडे वळले. उत्तरेला मला एकही ठळक तारा दिसेना. दक्षिणेला मात्र एक इतका लखलखीत तारा होता की, दिशा चुकली की काय असे वाटले. तो व्याध होता, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि म्हणाले, “काल मी चूक सांगितले. आज हिला विचारू या, ध्रुव शोधायचा कसा?” एवढे वाक्य म्हणायला मला हजेरी घेण्याइतका वेळ लागला!

ती पुढे आली. पुढे येऊन तिने काय केले असेल? खडू घेतला नाही, काही नाही. तिने उजवा हात समोर ताठ धरला आणि मूठ वळली. “हात असा लांब केला की एक मूठ म्हणजे दहा अंश,” ती म्हणाली. “जमीन आणि आकाश मिळते, तिथे पहिली मूठ. तिच्यावर दुसरी मूठ. तिथे तारा. जास्त चमकत नाही. पण तिथेच असतो.”

मुलांनो, हे तुम्ही आज रात्रीच करून पाहा. मालेगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेवीस अंशांवर आहे, म्हणून आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून साडेवीस अंश उंचीवर दिसतो. ज्या गावाचे अक्षांश जेवढे, तेवढी तिथे ध्रुवाची उंची. श्रीनगरला तो साधारण साडेतीन मुठींवर दिसेल. कन्याकुमारीला एक मूठसुद्धा भरणार नाही. आकाशात ध्रुवाहून तेजस्वी असे चाळिसांहून अधिक तारे आहेत. त्याचे मोल तेजात नाही. पृथ्वीचा आस जवळजवळ त्याच्या दिशेने रोखलेला आहे, म्हणून बाकीचे आकाश त्याच्याभोवती फिरताना दिसते आणि तो जागचा हलत नाही. बारकाईने पाहिले तर तोही किंचित फिरतो, पण ते साध्या डोळ्यांना कळत नाही. ‘कुतुब’ या अरबी शब्दाचा एक अर्थ जात्याचा खुंटा असा आहे. हे मात्र मी तिला सांगितले. तिला ते फार आवडले. जाते फिरते, खुंटा फिरत नाही.

ही मुलगी ताऱ्यांकडे वळली कशी? तिचे वडील यंत्रमागावर मजुरी करतात, आई घरी कांड्या भरते. मालेगावात मागांची खटखट रात्रंदिवस चालू असते. आम्हांला तिची इतकी सवय आहे की, ती थांबली की झोपमोड होते. २०२० साली टाळेबंदी झाली आणि सगळे माग एकदम बंद पडले. शाळा बंद, कारखाने बंद, कमाई बंद. उन्हाळ्यात ते सगळे कुटुंब गच्चीवर झोपत असे. झोप कोणाला येत होती! घरातली मोठी माणसे उधारीचा हिशेब करत आणि ही मुलगी उताणी पडून वर पाहत राही. रोज तेच तारे, पण रोज थोडे अलीकडे सरकलेले. तिने ते वहीत मांडायला सुरुवात केली.

तिचे मामू कल्याणला चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. त्यांना या गोष्टींचा आधीपासून नाद. आपल्या महाराष्ट्रात हौसेने आकाश पाहणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईत १९८५ साली खगोल मंडळ सुरू झाले. या मंडळाचे लोक कर्जतच्या वाटेवरील वांगणी येथे रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत. त्यांत कारकून असत, विद्यार्थी असत, दुकानदार असत. मामू त्यांतल्या काही कार्यक्रमांना जाऊन आले होते. ते फोनवर भाचीला रोज एक तारा सांगत. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी हे ग्रह आकाशात इतके जवळ आले होते की, साध्या नजरेला जवळजवळ एकच तारा वाटावा. १६२३ सालानंतर ते एकमेकांच्या इतके जवळ आले नव्हते. मामूंनी फोन केला, “आज नाही पाहिलेस तर मग कधी?” तिने अम्मीला, दादीला आणि शेजारच्या तिघींना ओढून गच्चीवर आणले. लोकांना आकाश दाखवण्याची ही तिची पहिली खेप.

मामूंनीच तिला दुर्बीण करून दिली. ती मुले तिला ‘नळी’ म्हणतात. मीही नळीच म्हणते. चष्म्याच्या दुकानात एक डायॉप्टरचे बहिर्गोल भिंग मिळते. त्याचे नाभीय अंतर एक मीटर असते. ते पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पाइपाच्या एका टोकाला बसवले. दुसऱ्या टोकाला, आतबाहेर सरकेल अशा लहान नळीत, घड्याळजी डोळ्याला लावतात तसले पाच सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग. एक मीटरला पाच सेंटिमीटरने भागा. वीस आले ना? ही दुर्बीण वस्तू वीसपट मोठी दाखवते. पुढच्या भिंगावर मध्यभागी भोक पाडलेला काळा कागद लावला, कारण पूर्ण भिंग उघडे ठेवले की चित्राच्या कडेला रंग दिसतात. स्टँड वगैरे काही नाही. कठड्यावर वाळूने भरलेली पिशवी, तिच्यावर नळी.

वर्गातल्या त्या प्रसंगानंतर चार-सहा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. चंद्र अर्धा होता. मी नळीला डोळा लावला. प्रथम नुसता काळोख, मग माझ्याच पापण्या, आणि मग एकदम चंद्राची कडा. अर्धा उजेड आणि अर्धा अंधार जिथे मिळतात, तिथे खड्डेच खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्यात सावली होती. चंद्रावर खड्डे आहेत हे मला माहीत नव्हते असे थोडेच आहे! परीक्षेत मी ते लिहिले होते. पण माहीत असलेली गोष्ट डोळ्यांसमोर आली की माणूस असे गप्प का होते, ते मला सांगता येत नाही. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. चित्र उलटे दिसत होते, पण चंद्राला उलटे काय आणि सुलटे काय! तेवढ्यात तो सरकत सरकत नळीबाहेर निघून गेला.

“अगं, नळी कोणी हलवली?” मी विचारले.

“कोणी नाही, आपा,” ती म्हणाली. “जमीन फिरते आहे.”

त्यानंतर मी अधूनमधून जाऊ लागले. गच्चीवर मोहल्ल्यातल्या बायका आणि मुले जमत. ती एकेकीला नळीजवळ बोलवी, नळीला हात न लावता फक्त डोळा लावायला सांगे, आणि काय दिसते ते आधी सांगत नसे. “तुम्हीच सांगा काय दिसते,” असे म्हणे. मला ही पद्धत शिकवण्याच्या दृष्टीने फार चांगली वाटली. बी.एड.ला आम्हांला अशाच काही गोष्टी शिकवल्या होत्या. मी त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या.

एके दिवशी दूध घालणाऱ्या मावशी वर आल्या. त्या जवळच्या खेड्यातल्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी प्रश्न विचारला आणि ही गडबडली. तिला उत्तर येत होते, पण मराठी येत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे आली. “आपा, हे सगळे शब्द मराठीत सांगा.” भिंग, ग्रह, कक्षा, दीर्घिका, उगवणे, मावळणे, कलणे. तीन वर्षे मी जे तिच्या गळी उतरवू शकले नव्हते, ते ती आता स्वतः मागायला आली होती. मी तिला शब्द देई आणि ती मला तारे दाखवी.

या देवघेवीत मला एक खजिनाच सापडला. इंग्रजीत अल्डेबरान नावाचा एक तांबूस तारा आहे. हे नाव अरबी ‘अद्-दबरान’वरून आले, अर्थ ‘मागून येणारा’. कोणाच्या मागून? सुरय्याच्या. सुरय्या म्हणजे ताऱ्यांचा तो लहानसा झुबका, ज्याला मराठीत कृत्तिका म्हणतात. आणि दबरान म्हणजे आपली रोहिणी. कृत्तिकेमागून रोहिणी उगवते, हे जुन्या अरबांनीही पाहिले आणि आपल्या लोकांनीही पाहिले. मृगातल्या तेजस्वी ताऱ्याचे नाव रायजेल, ते अरबी ‘रिज्ल’ म्हणजे पाय यावरून. श्रवण ताऱ्याला आल्टेअर म्हणतात. त्यात आपला उर्दूतला ‘ताइर’ लपलेला आहे, उडणारा. अब्दुर्रहमान अल्-सूफी नावाच्या विद्वानाने इ.स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. देवयानी नक्षत्रात एक लहानसा ढग दिसतो अशी त्यात नोंद आहे. तो ढग म्हणजे आपल्यापासून सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली एक दीर्घिका. त्या काळी दुर्बीण नव्हती. त्यांनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला आणि दिसला तसा लिहिला.

आमच्या मोहल्ल्यात सुरय्या नावाच्या सहा-सात बायका तरी असतील. त्यांतल्या एक म्हाताऱ्या खाला एकदा काठी टेकत वर आल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना तारे म्हणजे नुसता पुसट डाग दिसे. मुलीने नळी कृत्तिकेवर लावली. साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात; नळीतून कितीतरी अधिक. खाला बराच वेळ डोळा लावून राहिल्या. मग म्हणाल्या, “सत्तर वर्षे नाव वापरले, पाहिले आज.”

आणि दुधाच्या मावशींची गंमत ऐका. मुलीने त्यांना मृगाचे तीन तारे दाखवून तयारी केलेल्या मराठीत सांगितले, “हे मृग नक्षत्राचे...” मावशी मध्येच म्हणाल्या, “हां, ते तिकांडं! रातच्याला पिकाला पाणी द्यायला जायचो ना, तेव्हा माझा बाप त्याच्यावर टाइम सांगायचा.” सप्तर्षी दाखवले तर म्हणाल्या, “ही तर बाज. चार तिचे खूर अन् मागं तीन चोर.” मुलीने लगेच वही काढली. हे शब्द माझ्याकडे नव्हते. (एवढे होऊनही तिचे मराठीचे गुण काही फार वाढले नाहीत. शुद्धलेखन तसेच राहिले. पण तिचे बोलणे सुटले.)

आता त्या वर्षीच्या रमजानची एक संध्याकाळ सांगते. १ मे २०२२, रमजानचा एकोणतिसावा दिवस. अशा संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यांत काय असते, ते तुम्हांला सांगायला नको. सगळ्या गच्च्या भरलेल्या आणि सगळ्यांचे डोळे पश्चिमेला. चंद्र दिसला तर उद्या ईद. तिने सकाळीच मला हिशेब सांगितला होता: अमावास्येचा क्षण पहाटे दोनच्या सुमारास होऊन गेला, म्हणजे सूर्य मावळताना चंद्राचे वय जेमतेम सतरा तास. एवढी कोवळी कोर दिसणे फार कठीण.

सूर्य पूर्ण मावळल्यावर तिने नळी लावली. इतक्यात पलीकडच्या गच्चीवरून एक मुलगा ओरडला, “दिसला! दिसला!” एकच गलका झाला. मग हळूहळू सगळी तोंडे आमच्या गच्चीकडे वळली. नळी तिच्याकडे होती ना!

तिने पाहिले. पुन्हा पाहिले. खालून कोणी म्हणाले, “नीट बघ, बेटी.” ती आणखी पाहत राहिली. तिच्याच घरी लहान भावाचे नवे कपडे इस्त्री करून ठेवले होते. ‘हो’ म्हणायला काय लागते? सगळ्यांना तेच हवे होते.

“मला दिसला नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे चंद्र झालाच नाही?” पलीकडून कोणीतरी चिडून विचारले.

“तसे मी म्हणत नाही, चाचा. मला दिसला नाही, एवढेच.”

ईदचा निर्णय अर्थातच आमच्या गच्चीवर होत नाही. तो जाणत्यांचा आहे. रात्री पुकारा झाला की चंद्र दिसल्याची ग्वाही मिळालेली नाही. त्या वर्षी ईद ३ मे रोजी झाली. पण त्याआधीचे ते दोन-तीन तास त्या मुलीला फार जड गेले. मी शेजारीच उभी होते. फेब्रुवारीत ‘खाली बस’ म्हणणारी मीच होते, याची मला त्या वेळी फार आठवण झाली.

जूनमध्ये ती दहावीत गेली. पावसाळा लागला, आभाळ झाकले. लोकही बोलू लागले होते: मुलीची जात, रात्री गच्चीवर, नाही नाही ते लोक येतात. तिच्या वडिलांनी सांगितले, “नळी बांधून ठेव. दहावी आहे.” मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला आदराने बसवले, चहा मागवला आणि शांतपणे विचारले, “आपा, तारे पाहून घर चालते का?” ते कधीच गच्चीवर आले नव्हते. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला काय सांगावे, ते मला सुचले नाही. मी चहा पिऊन परत आले.

नळी माळ्यावर गेली. तिने तक्रार केली नाही. फक्त वही चालू ठेवली.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी खंडग्रास सूर्यग्रहण होते. दिवाळीची सुटी चालू होती. तिने वडिलांना विचारले, “नळीला हात लावणार नाही. चाळणी आणि आरसा घेतला तर चालेल?” नळीचा प्रश्नच नव्हता. मुलांनो, हे पक्के लक्षात ठेवा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही, आणि साध्या डोळ्यांनीही नाही. डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखतही नाही. आरशावर बारीक भोक पाडलेला कागद चिकटवायचा आणि कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडायचा. तो कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र असते. चाळणी धरली तर प्रत्येक छिद्राचे एकेक चित्र पडते.

वडील ज्या कारखान्यात कामाला, त्याच्या पश्चिमेला मोकळे मैदान आहे. तिथे ती आणि तिच्या वर्गातल्या चौघीजणी उभ्या राहिल्या. मीही गेले. पावणेपाचच्या सुमारास ग्रहण लागले. पोरे जमली, भाजीवाला थांबला, दोन बायका चाळणीखाली ओढणी पसरून उभ्या राहिल्या. इतक्यात कारखान्यातून एक कामगार बाहेर आला आणि म्हणाला, “आत या, आत या. भिंतीवर काहीतरी झाले आहे.”

आम्ही आत गेलो. कारखान्याची पश्चिमेची बाजू पत्र्याची. त्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोके. सूर्य खाली आलेला, त्यामुळे किरण सरळ आडवे आत शिरत होते. हवेत कापसाचे तूस तरंगत होते, म्हणून एकेक किरण दोरीसारखा ताणलेला दिसत होता. आणि समोरच्या भिंतीवर, मागांवर, विणून होत असलेल्या पांढऱ्या कापडावर गोल गोल उजेड पडले होते. प्रत्येक गोलाचा एक लचका तोडलेला. चावा घेतलेल्या भाकरी जशा! तीस-चाळीस तरी असतील. हे गोल तिथे वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी पडत असणार. ती सूर्याची चित्रे आहेत हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

माग चालू असताना बोललेले ऐकू येत नाही. सगळे खुणांनी चालते. वडिलांनी मुलीकडे पाहून हाताने विचारले, काय आहे? तिने बोटाने पत्र्याचे भोक दाखवले, मग कापड दाखवले, मग बाहेरच्या सूर्याकडे हात केला. त्यांना कळेना. तिने पुन्हा सगळे केले. मग त्यांनी आपला एक माग बंद केला. दुसरा केला. माग बंद म्हणजे मजुरी बंद. मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. त्यांनी चारही माग बंद केले. शेजारच्यांनीही केले. त्या शेडमध्ये इतकी शांतता मी प्रथमच अनुभवली.

“भोक वाकडेतिकडे आहे,” ते म्हणाले. “मग उजेड गोल कसा?”

प्रश्न अगदी नेमका होता. तिने सांगितले की, भोक लहान आणि कापड पुरेसे लांब असले की भोकाचा आकार उरत नाही, सूर्याचा उरतो. सूर्य स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे, म्हणून भोकापासून जेवढे अंतर, त्याचा एकशेआठवा भाग एवढे सूर्याचे चित्र. इथे पाच मीटर अंतर आहे, म्हणजे साडेचार सेंटिमीटरचा सूर्य. वडिलांनी खिशातली मापाची फीत काढली आणि कापडावरचा गोल मोजला. काही बोलले नाहीत. मग त्यांनी कापडावर हात धरला आणि तो लचका तोडलेला सूर्य तळहातावर घेतला. लचका हळूहळू वाढत होता. सुमारे पाव सूर्य झाकला गेला होता. सहाच्या सुमारास तो तसाच, ग्रहण लागलेला, मावळला आणि तळहात रिकामा झाला. त्यांनी माग सुरू केले.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले, तर माळ्यावरची नळी खाली आलेली होती. त्या महिन्यांत गुरू संध्याकाळपासूनच आकाशात झळकत असे. गच्चीवर आठ-दहा माणसे रांगेत उभी होती आणि रांगेच्या शेवटी, पाळी संपवून आलेले, केसांत तूस अडकलेले तिचे वडील. त्यांचा नंबर आला.

“अब्बा, नळीला हात नाही लावायचा,” ती म्हणाली. “फक्त डोळा.”

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“एक मोठा ठिपका. त्याच्या बाजूला बारीक बारीक. एका ओळीत.”

“किती?”

“तीन.”

“ते गुरूचे चंद्र आहेत. मोठे चार आहेत. गॅलिलिओने १६१० साली असेच पाहिले होते, वीसपटीच्याच दुर्बिणीतून.”

“मग चौथा कुठे गेला?”

तिने स्वतः डोळा लावला. थोडा वेळ पाहिले.

“गुरूच्या मागे असेल, नाही तर पुढे,” ती म्हणाली. “मला दिसत नाही. उद्या पाहू.”